कानातला फाया

परतूरला आमच्या घरासमोर गाद्या भरणारे चाचा राहतात. दिवसभर कापूस पिंजून त्यांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या होतात. मला दमा आहे, म्हणून मशीन सुरू करण्याआधी ते ओरडतात, "सर, खिडकी लावा जल्दी!" अख्ख्या गल्लीला माझा दमा ठाऊक झालाय तो असा.

एकदा त्यांना समजावलं, की माझ्या रक्तातली प्रतिपिंडं कापसाच्या धुळीला शत्रू समजतात. धूळ आत गेली की त्यांच्यामुळे श्वासनळीचे स्नायू आवळतात आणि श्वास अडतो.

चाचा विचारात पडले. "म्हंजे बिचारी तुमच्यासाठीच लढून राह्यली. पर त्यांना सांगा ना, कापूस मोहल्ल्यातलाच हाय."

तेव्हापासून कामाच्या कपड्यांत ते आमची पायरी चढत नाहीत, रस्त्यापलीकडूनच बोलतात. ईदला मात्र अंघोळ करून, नवा कुर्ता घालून शीरखुर्मा घेऊन येतात आणि गळाभेट घेतात.

यंदा सोबतच्या मुलांच्या कानांत अत्तराचे फाये होते. चाचांचे कान रिकामे.

"चाचा, अत्तर विसरलात?"

"न्हाई सर," मला जवळ ओढत ते म्हणाले, "फाया कापसाचाच असतो ना."