पिल्लू जाडं झालंय म्हणे!

सत्तरच्या दशकातली एक सकाळ, भिवंडीतलं नारपोली. पौषातला गारठा, आणि आमचे हे लूमवरची रात्रपाळी करून घरी आले ते शर्टाच्या आत कुत्र्याची दोन पिल्लं घेऊन... त्यांची आई कशेळीच्या रस्त्यावर ट्रकखाली गेली होती.

मी कपाळावर हात मारला. पदराखाली तान्हं पोर, सासूबाई दम्याने बेजार, दोरीवरची दुपटी वाळता वाळत नाहीत, रॉकेल मिळेल तेव्हा खरं... आणि त्यात हे! ह्यांनी पिल्लं माझ्या मांडीवर ठेवली आणि सरळ झोपून गेले. दया पुरुषांनी करायची, निस्तरायचं बायकांनी.

संध्याकाळपर्यंत एक पिल्लू गेलं. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचाच राग आला. इतकी दमलेली होते, तरी मनाशी हट्ट धरला... आता हे दुसरं काही मी जाऊ द्यायची नाही.

सासूबाईंनी बजावलंच होतं, “कुत्रं घरात न्हाय हां घ्यायचं!” म्हणून बॉबिनच्या खोक्यात फडकं घालून ते बाहेर ओट्यावर ठेवलं. येता-जाता पाणी घातलेलं दूध कापसाच्या बोळ्याने पाजायचे. पिल्लू मूठभर, पण पोट मात्र टम्म.

समोरच्या लूममध्ये रहमतभाई म्हणून विणकर होते, आझमगढकडचे. तिथेच मागाजवळ झोपायचे आणि सकाळी आमच्या दारातल्या नळावर पाणी भरायला यायचे. त्यांनी खोक्यात वाकून बघितलं आणि म्हणाले, “भाभी, इसको जाडा लग रहा है.”

मी नुकतीच वज्रेश्वरीकडच्या खेड्यातून आलेली, हिंदी यथातथाच. मला वाटलं, पिल्लू जाडं झालंय म्हणतायत! उच्चार जरा वेगळा वाटला, पण म्हटलं, आपला ‘जाडा’तला ‘जा’ भय्या लोकांना कुठे जमतो...

वर धास्तीही बसली. पहिलं पिल्लू आपण जास्त पाजल्यानेच गेलं की काय? त्या दिवसापासून मी दूध कमी केलं.

मग एका सकाळी परत तेच. “जाडा बढ़ गया है, भाभी.” म्हटलं, बापरे, अजून वाढलं? दूध आणखी कमी! ते बोळ्याने दूध पिणारं पिल्लू एक, आणि तशीच मी दुसरी.

पिल्लू दिवसभर कुईकुई करायचं, मग हळूहळू तेही थांबलं. मला वाटलं, चला, रुळलं एकदाचं. अहो, त्याच्यात ओरडायचं त्राणच उरलं नव्हतं... आणि मी मात्र दुपट्यांचं पाणी पिळत बसले होते.

पुढे एक दिवस रहमतभाई बादली ठेवून खोक्याशी बसलेच. “अब तो ये जाडे से मर जाएगा,” म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. आधीच झोप नाही, त्यात सकाळी सकाळी हे ऐकायचं! मी पिल्लू उचलून त्यांच्यापुढे धरलं आणि ओरडले, “किधर जाडा? हड्डी दिखता है सब! नजर मत लगाओ!”

मग त्यांच्या काहीतरी लक्षात आलं. दोन्ही हात छातीशी घट्ट धरून, दातावर दात वाजवत, अंग थरथरवत त्यांनी मला करून दाखवलं... “जाडा, भाभी. ठंडी! ठंडी!”

मी पिल्लू चाचपलं. हातातलं पिल्लू गार लागत होतं. कान गार, पंजे गार, आणि मी ते ओट्यावरच्या वाऱ्यात उपाशी ठेवलेलं!

खरं तर यातलं मला सगळं येत होतं. माहेरी करडू गारठलं की आई आधी त्याला उबेत धरायची, अंग गरम झाल्यावरच दूध, कारण गारठलेल्या पोटात दूध जिरत नाही. एका शब्दाने माझी मती गुंग केली होती.

मी तिथेच उंबऱ्यावर बसले आणि पिल्लू पदराखाली पोटाशी धरलं. सासूबाईंनी आतून सगळं ऐकलं होतं. खोकत खोकत त्याच म्हणाल्या, “आण गो आत त्याला. मरंल ना ते!” उठून त्यांनी स्वतः त्यांच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत कोमट पाणी भरलं, फडक्यात गुंडाळली आणि माझ्याकडे दिली. खोकं चुलीशेजारी गेलं, खाली गोणपाट आलं.

बऱ्याच वेळाने पिल्लाने पोटाशी जराशी वळवळ केली. मला हसू की रडू कळेना. रहमतभाईंना सांगावं म्हणून मान वर केली.

ते अजून दारातच उभे होते. अंगात बनियन, कमरेला लुंगी, खांद्यावर गमछा. नक्कल करून केव्हाच संपली होती... हात खाली आले होते, तरी त्यांचं अंग थरथरतच होतं.

मी उठून आतली गोधडी आणली. “नहीं भाभी, बच्चे को दो,” म्हणत ते मागे सरकले. मी म्हटलं, “बच्चे को मेरा पेट है. तुम लो.” माझं हिंदी ते एवढंच! त्यांनी गोधडी घेतली, तोंड फिरवलं आणि बादली उचलून निघून गेले.

पिल्लू जगलं. मोठं होऊन चाळीतल्या सगळ्यांवर भुंकलं. रहमतभाई पुढे गावी गेले ते परत आले नाहीत.

आज गुडघे धरून उठले, गार फरशीवर पाय टेकला आणि ते आठवले... बिचारे रोज आमच्या दारात उभे राहून थंडी वाजतेय, थंडी वाजतेय सांगत होते, पण एकदाही स्वतःला वाजतेय म्हणाले नाहीत.