वॉल्टररावांना जिवंत ठेवायचंय

आमच्या नाटकाच्या ग्रुपमधले किस्से पोटलकनंतर घरी उरलेल्या डब्यांसारखे आहेत. कुणाचा डबा, कुणाचं झाकण, काही कळत नाही. परत न्यायला कुणी येत नाही आणि टाकवत तर मुळीच नाहीत!

सिंगापूरला येऊन मला एकोणीस वर्षं झाली. आठवडाभर हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीत नोकरी आणि रविवारी नाटक. त्यातली बारा वर्षं मी ग्रुपची प्रॉम्प्टर आहे. मला अभिनय येत नाही, हे सगळ्यांनी एकमताने ठरवलं. आमच्याकडे एकमताने झालेला तो एकमेव निर्णय. पण विंगेत उभं राहून जे दिसतं ते पहिल्या रांगेतूनही दिसत नाही. त्यात गेल्या वर्षी वॉल्टरराव आले, आणि माझं कपाट डब्यांनी भरूनच गेलं.

*

वॉल्टर म्हणजे आमच्या निखिलचे सासरे. निखिल पुण्याचा, त्याची बायको अमेरिकन, दोघं इथेच क्वीन्सटाउनला राहतात. पत्नी वारल्यावर सासरेबुवा लेकीकडे कायमचे राहायला आले. वर्षभर निखिल काही बोलला नाही. मग एकदा वडा खाता खाता म्हणाला, "आमचे सासरे चाळीस वर्षं तिकडे सिनेमात, टीव्हीत अ‍ॅक्टर होते."

"आणि हे तू आत्ता सांगतोस?" मिलिंद किंचाळला. मिलिंद आमचा दिग्दर्शक. सोमवार ते शुक्रवार तो बँकेत रिस्क मॅनेज करतो आणि रविवारी स्वतः लिहिलेली नाटकं बसवून ती सगळी भरून काढतो.

पुढच्या रविवारी वॉल्टर सेरंगूनला आमच्या कॉन्डोच्या, म्हणजे सोसायटीच्या, फंक्शन रूममध्ये आले. सहा फूट उंची, पांढरेशुभ्र केस, पोटातून येणारा आवाज. आम्ही सगळे नुकतीच मुंज झाल्यासारखे हात जोडून उभे! मिलिंदने विचारलं, "सर, तुमचे महत्त्वाचे रोल्स कोणते?"

वॉल्टरनी जरा विचार केला. (ते बोलतात इंग्रजीतच, मी मराठीत सांगतेय.) म्हणाले, "मी एकसष्ट वेळा मेलोय."

मिलिंद ते वहीत लिहायला लागला.

"बरेचदा गोळीने. विषाने नऊ वेळा. दोनदा लिफ्टमधून पडून. एकदा मगरीने खाल्लं, पण तो सीन एडिटिंगमध्ये गेला."

मग प्रामाणिकपणे म्हणाले, "तेव्हा साठच धरा."

*

त्याच सुमारास निखिलची आई पुण्याहून आली. शैलाकाकू. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. त्या कुणाला वाईट म्हणत नाहीत आणि कुणाला चांगलंही म्हणत नाहीत. त्यांच्या तोंडून "बरं आहे" निघालं तर निखिल पेढे आणतो.

त्यांच्या मानार्थ निखिलने टीव्हीवर सासऱ्यांच्या एका जुन्या मालिकेचा एपिसोड लावला. काकूंनी चष्मा पुसला, फोन पर्समध्ये ठेवला, पदर सावरून बसल्या. पडद्यावर रात्रीचे कपडे घातलेले वॉल्टर आले, दार उघडलं, "कोण आहे?" म्हणाले आणि धाड! गोळी. वॉल्टर आडवे.

घरच्यांनी टाळ्या वाजवल्या. काकू बघत राहिल्या. पोलीस आले, कोर्ट झालं, गुन्हेगार रडला. तब्बल चाळीस मिनिटं त्या जागच्या हलल्या नाहीत. शेवटी नावं सरकायला लागली, तेव्हा त्या निखिलकडे वळून अदबीने म्हणाल्या, "छान होतं हो. पण व्याह्यांचं काम कधी आहे?"

कुणी भाषांतर केलं नाही. वॉल्टरना त्याची गरजही पडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांचा मिलिंदला फोन. "मला कुठलाही रोल द्या. पोस्टमन द्या, गुरखा द्या. फक्त पडदा पडेपर्यंत जिवंत ठेवा. निखिलच्या आईचा इथे राहायचा पास संपतोय, नाटकानंतर आठवड्यात त्या परत जाणार. त्यांनी एकदा तरी मला काम करताना बघायला हवं."

मला हे सांगताना मिलिंदचासुद्धा आवाज बसला. चाळीस वर्षं एखाद्या माणसाने मनापासून मरायचं, आणि शेवटी आपल्याच विहीणबाईंनी विचारायचं की तुमचं काम कधी? मला तर त्या दिवशी ऑफिसात काही सुचेना.

*

मिलिंदच्या नाटकात पुण्याची एक हाउसिंग सोसायटी होती आणि तिथला पेइंग गेस्ट, मिस्टर थॉमस. अकरा वाक्यं, सगळी मराठीत. वॉल्टरना दिला.

तालमीची वेळ तीनची. वॉल्टर पावणेतीनला हजर, हातात पेन्सिल, वही आणि स्वतःची घडीची खुर्ची. आमची मंडळी चारला यायला लागली. आल्या आल्या नेहमीचा राडा! मेघनाने चटणी आणायची होती, ती विसरली. चेअरमनचं काम करणारा प्रसाद म्हणाला, चटणीशिवाय वडा म्हणजे वड्याचा अपमान. मेघना म्हणाली, मग तूच का नाही आणलीस? प्रसादने तिचं मागच्या वर्षीचं खारट पिठलं काढलं. मेघनाच्या डोळ्यांत पाणी. मिलिंद मध्ये पडला, त्याला दोघांनी मिळून झापलं. शेवटी शेजारच्या फ्लॅटमधून सॉस आणला आणि सगळे हसत खायला बसले.

वॉल्टर कोपऱ्यात भराभर लिहून घेत होते. सगळे बसल्यावर ते उठले आणि उभं राहून टाळ्या वाजवायला लागले.

"पहिला अंक उत्तम बसलाय," ते म्हणाले. "विशेषतः ती मुलगी. इतकं खरं रडणं मी आमच्याकडेसुद्धा पाहिलं नाही!"

त्यांचा गैरसमज दूर करायला आम्हाला पंधरा मिनिटं लागली. मेघना मात्र अजून सांगते, माझं एकदा हॉलीवूडमधून कौतुक झालंय.

*

मराठी शिकवायचं काम अर्थातच शैलाकाकूंनी स्वतःकडे घेतलं. कुणी विचारलंही नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यांनी वॉल्टरना सांगितलं, "मला मॅडम नाही म्हणायचं. बाई म्हणायचं." तेव्हापासून सहा फुटी वॉल्टर चार फूट अकरा इंची काकूंना "येस, बाई" म्हणतात. काकू त्यांना वॉल्टरराव म्हणतात.

दोघं रोज जेवणाआधी भाजी आणायला एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, जायचे आणि गाडीत उजळणी. थॉमसचं सगळ्यात मोठं वाक्य होतं, "ही खोली माझी आहे, इथून मला कुणीही हलवू शकत नाही!" काकूंना हवं तसं ते वॉल्टरना जमेना. "अजून राग हवा," त्या म्हणत. पुन्हा. पुन्हा. सातव्या वेळी वॉल्टर असे गरजले की अख्खा डबा फोनमधून वर बघायला लागला.

समोर बसलेल्या एका चिनी आजीबाई उठून मध्ये उभ्या राहिल्या. "अंकल! व्हाय यू स्कोल्ड हर? सो बिग साइझ, नो शेम, लाह!"

वॉल्टर पांढरेफटक पडले. काकूंनी आजीबाईंच्या हातावर हात ठेवला आणि आपल्या ठेवणीतल्या इंग्रजीत म्हणाल्या, "नो नो. ही इज माय स्टुडंट."

आजीबाईंनी वॉल्टरना नखशिखान्त न्याहाळलं.

"वीक स्टुडंट," काकूंनी खुलासा केला.

*

रंगीत तालीम. पहिल्या अंकात कुकर फुटल्याचा आवाज आहे. तोपर्यंत आम्ही तो तोंडाने काढायचो. त्या दिवशी मिलिंदने पहिल्यांदा स्पीकर लावला. धडाम!

आणि वॉल्टर पडले.

काय पडले म्हणून सांगू! आधी एक गुडघा, मग खुर्चीची पाठ धरायचा प्रयत्न, मग हळूहळू बोटं सुटत गेली. चाळीस वर्षांची सवय, शरीर थोडंच ऐकतं? आम्हाला वाटलं, उठतील. पण त्यांच्याकडे "कट" म्हटल्याशिवाय मेलेला माणूस उठत नाही, आणि आमच्याकडे "कट" कुणी म्हणतच नाही. आम्ही "हं, चला पुढे" म्हणतो. प्रसाद त्यांना ओलांडून ओलांडून डायलॉग म्हणत राहिला. आठ मिनिटांनी कॉन्डोचे सिक्युरिटी अंकल एसी बघायला आत आले, त्यांनी खाली पाहिलं आणि अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावायला घेतला, तेव्हा कुठे आम्हाला कळलं!

हसून हसून सगळ्यांची पोटं दुखली. पण मिलिंदचे डोळे चमकले. "अरे, हे ठेवूया! थॉमस पहिल्याच अंकात मरतो. केवढा लाफ्टर येईल!"

निखिलने मान खाली घातली. मी वॉल्टरकडे पाहिलं. ते कपडे झटकत होते. चेहरा हसरा होता, पण आवाज पार खाली गेला होता. "डायरेक्टर म्हणतील तसं," ते म्हणाले. चाळीस वर्षं ते हेच वाक्य म्हणत आले असणार. मला मिलिंदचा इतका राग आला की काय सांगू.

काकू मागे बसून मटार सोलत होत्या. "काय म्हणतोय हा?" त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं. त्यांनी मटारांचं ताट खाली ठेवलं आणि उठून मिलिंदसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"हे बघ मिलिंद, माझा विद्यार्थी नापास झाला तर मी ऐकून घेईन. मेलेला चालणार नाही."

"काकू, पण नाटकाच्या दृष्टीने..."

"आणि माझ्या हातचा शिरा विसर."

थॉमस जगला.

*

प्रयोग रविवारी दुपारी. हॉल भरलेला, काकू पहिल्या रांगेत मधोमध. वॉल्टरनी अकराही वाक्यं चोख घेतली. कुकर फुटला तेव्हा खुर्ची घट्ट धरून उभे राहिले, मी विंगेतून त्यांची पांढरी पडलेली बोटं बघत होते. शेवटचा प्रवेश आला. सोसायटीचे सगळे स्टेजवर, चेअरमन म्हणजे प्रसाद सगळ्यांची माफी मागतो, लांबलचक भाषण, आणि पडदा.

प्रसाद पुढे आला. हात खिशात घातले. "मित्रांनो," म्हणाला आणि थांबला.

मी पहिलं वाक्य दिलं. पुन्हा दिलं. शेवटी इतक्या मोठ्याने दिलं की तिसऱ्या रांगेत ऐकू गेलं असेल. प्रसादला काही ऐकूच येत नव्हतं! तो माझ्याकडे भिंतीकडे बघावं तसा बघत होता. मिलिंद माझ्या शेजारी मटकन खाली बसला.

आणि वॉल्टरनी सुरुवात केली. प्रसादचं भाषण! स्वच्छ मराठीत! "मित्रांनो, माझं चुकलं. मी भिंती रंगवल्या, पण माणसांकडे पाहिलं नाही."

हे कसं, ते मला नंतर कळलं. काकू शिकवताना अख्खं नाटक वाचायच्या, सगळ्यांची कामं. वॉल्टरनी ते फोनवर रेकॉर्ड केलं होतं आणि रोज फिरताना ऐकून, अर्थ न कळता, सगळंच्या सगळं पाठ केलं होतं.

सगळंच्या सगळं.

"या अंगणात आपण लहानाचे मोठे झालो," वॉल्टर म्हणाले. आणि त्याच सुरात, "नीट उभे राहा. हात खिशातून काढा."

प्रसादचे हात झटक्यात बाहेर आले!

"आज त्या अंगणात गाड्या उभ्या आहेत. मान वर. पुटपुटू नका."

प्रसादची मान वर. हॉलमध्ये हशा फुटला. वॉल्टर थांबले. रेकॉर्डिंगमध्ये तिथे काकू चहाचा घोट घेतात. तेवढाच वेळ थांबले, आणि तेवढ्या वेळात सगळा हॉल पुन्हा शांत झाला.

"मला माफ करा," ते म्हणाले. इतक्या हळू आणि इतकं खरं, की मी हातातली संहिता मिटली. "आणि निखिल, गॅस बंद कर."

सहाव्या रांगेतला निखिल उठून उभा राहिला.

पडदा पडला. टाळ्या थांबेनात. पडदा परत उघडला तेव्हा वॉल्टर स्टेजच्या मधोमध, दोन्ही पायांवर उभे होते.

बाहेर लॉबीत ही गर्दी. काकू खांबाशी उभ्या, शेजारी घामाघूम वॉल्टर, पलीकडे मी. वॉल्टर काकूंच्या तोंडाकडे बघतायत, काकू पर्समध्ये काहीतरी शोधतायत. एक अनोळखी बाई आल्या आणि काकूंना विचारलं, "अहो, थॉमसचं काम केलं ते हेच ना? कोण हो हे?"

काकूंनी पर्स बंद केली.

"आमचे व्याही," त्या म्हणाल्या. "नट आहेत."

वॉल्टर माझ्याकडे वळले. "काय म्हणाल्या त्या?"

मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात काकूंनी माझा दंड धरला.

"सांगू नकोस गं, अनघा. डोक्यात हवा जाईल."