अंबिकाची सायकल मी सोडली नाही

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, आईलाही नाही. तुम्हाला का सांगतेय? बहुतेक तुम्ही अंबिकाला ओळखत नाही, म्हणून.

अंबिका मंद्रूपची. घरी मेंढरं. सोलापुरात, जुळे सोलापूर भागात, आमच्या घराजवळच्या अभ्यासिकेत आम्ही शेजारी बसायचो, एकाच परीक्षेसाठी — कस्टममध्ये इन्स्पेक्टर व्हायचं होतं दोघींना. मला घरी स्वतंत्र खोली, क्लासची फी भरलेली. ती एसटीने यायची, डब्यात भाकरी आणि शेंगाचटणी. निकाल लागला. ती पास, मी नापास.

पेढे मीच आणले. मिठी मारली. आणि आतून? आतून नुसती जळत होते. त्यात बाबा म्हणाले, "मेंढरामागं फिरलेली पोरगी साहेब झाली की गं!" मला जेवण गेलं नाही. तो पांढरा गणवेश आता ती घालणार — आरशासमोर उभी राहून तो मी कितीदा माझ्या अंगावर बघितला होता, सांगू?

पण एक पायरी बाकी होती. त्या नोकरीसाठी लेखी परीक्षेनंतर ठरलेल्या वेळात चालून दाखवावं लागतं, आणि सायकल चालवूनही. चालण्याचं तिला काय! पण सायकलला तिने कधी हात लावला नव्हता. माझ्याकडे आली. "मला शिकव की गं. हितं तुझ्याबिगर माझं कोण हाय?"

शिकवलं ना मी. रोज सकाळी मैदानावर, माझीच सायकल, मागून धरून तिच्यामागे पळायचे. घामाघूम व्हायचे. बघणाऱ्यांना वाटायचं, मैत्रीण असावी तर अशी.

आता — सायकल शिकवताना केव्हातरी, न सांगता, हात सोडायचा असतो. जरा पडू द्यायचं असतं. मला माहीत नव्हतं का? बाबांनी मला तसंच शिकवलं होतं.

मी सोडला नाही. एकदाही नाही. तिला तोल जमला होता, माझ्या हाताला ते कळत होतं. तरी म्हणायचे, "अजून डुगडुगतेस." एकदा ती म्हणाली, "सोड की, बघू तरी." मी म्हटलं, "पाय मोडला तर चालायची परीक्षाही जाईल." तिला पटलं. माझं सगळंच पटायचं तिला.

परीक्षेत चालण्यात ती पुढे होती. मग सायकलवर बसली — मागे कुणी नव्हतं. पडली. उठली, पुन्हा पडली, वेळ संपला. परत आल्यावर तिनेच सांगितलं, रडत. मी तिच्या गुडघ्याला मलम लावलं. आणि मला — काय लपवू आता — मला बरं वाटलं.

पुढे घरच्यांनी तिचं लग्न लावून दिलं. आता ती माळशिरसला असते, नवऱ्याबरोबर ऊस बघते. कस्टममध्ये मीही गेले नाही.

गेल्या दिवाळीत तिच्याकडे गेले होते. तिची लेक अंगणात सायकल शिकत होती, बाप मागून धरून पळत होता. त्याने हात सोडला, तशी पोरगी डगमगली, आणि अंबिका ओरडली, "सोडता कशाला वो? ही माझी मैत्रीण बघा — दमायची लई, पण एकदा बी सोडलं न्हाय मला!"

पोरगी तोवर सावरून पुढे निघाली होती, एकटीच. अंबिका माझ्याकडे बघून हसली. मीही हसले.