माझ्या लग्नाचे बिबडे

बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, एकटीच्या हाताने होत नाहीत. आमच्या घरावर पुढे जे आलं, ते एवढ्या एका गोष्टीमुळे. ज्वारी तीन दिवस भिजत घालायची, भरडायची आणि लसूण, मिरची, तीळ टाकून पहाटे चुलीवर शिजवायची. त्या शिजलेल्या पिठाला आम्ही घाटा म्हणतो. तो गरम आहे तोवरच ओल्या फडक्यावर पातळ थापला जातो, गार झाला की हाताला दाद देत नाही. म्हणून उन्हाळ्यात आमच्या गल्लीत पाळी लागायची, आज हिच्या धाब्यावर, उद्या तिच्या. आठ-दहा बायका शिडीने त्या मातीच्या छतावर चढायच्या आणि ऊन तापायच्या आत घाटा संपवून उतरायच्या. जिच्या घरचं काम, तिने सगळ्यांना ताटलीभर घाटा आणि वर कच्चं तेल द्यायचं. बाकी देणंघेणं काही नाही. मजुरीचा शब्द कुणी तोंडातून काढला असता तर बायकांना तो अपमानच वाटला असता.

आमचं गाव पाचोऱ्याहून पायी दोन तासांवर. वडील पाचोऱ्यातल्या एका जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाची ओझी वाहायचे. मी बारा वर्षांची असताना ते तापाने गेले. दुसरं महायुद्ध अजून सुरू व्हायचं होतं. मला पंधरावं लागलं आणि धुळ्याच्या एका गिरणीकामगाराचं स्थळ आलं. मामाने निरोप धाडला की पोरीला इकडे घेऊन या, आमच्या दारात उरकून टाकू. उरकून टाकायला मी काय खरकटी भांडी होते? मला राग आला, मायला त्याहून जास्त. पोरीचं लग्न याच दारातून होईल आणि वऱ्हाडाला पोटभर जेवण मिळेल, असं तिने सांगून टाकलं. कशाच्या जोरावर, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

तिला ते पाचोऱ्यात सापडलं. स्टेशनजवळ एक खानावळ होती. तिथे जेवणारे बहुतेक हमाल आणि जिनातले मजूर, बायकापोरं गावी ठेवून आलेले. माय सरपण विकायला गेली होती. न्याहारीला सोबत नेलेला भाजका बिबडा तिने खानावळवाल्यापुढे ठेवला. त्याने मोडून खाल्ला, एका हमालाला दिला, आणि आठवड्याला टोपलीभर आणशील का म्हणून विचारलं. एरवी कोरड्या भाकरीवर भागवणारी ती माणसं एका बिबड्यासाठी खिशात हात घालायची. घरी असते तर तो त्यांना फुकट मिळाला असता. मला तेव्हा त्यांचं हसू यायचं. पुढे धुळ्यात मीही बिबडा विकत घेऊन खाल्ला, आणि त्यांना हसल्याची मला लाज वाटली.

आमच्या पाळीचे बिबडे वर्षभर पुरायचे, ते त्या उन्हाळ्यात तीन आठवड्यांत संपले. खानावळवाला आणखी मागत होता. आता खरं तर मायने गल्लीतल्या बायकांना बोलावून सांगायला हवं होतं की मी हे विकते, तुम्ही हात लावा, मी मजुरी देते. तिने सांगितलं नाही. शेजारणींना मजुरी द्यायची म्हणजे आपण त्यांना मोलकरीण केल्यासारखं होईल, त्या रागावतील, शिवाय विधवा बाई बाजारात बसते म्हणून नाकं मुरडतील, अशी तिची भीती. ती अगदीच खोटी नव्हती. पण त्यातून तिने जो मार्ग काढला, तो फार वाईट होता.

तिने मला घरोघरी पाठवलं. बिबड्यांच्या मडक्यात उंदीर शिरले, सगळं नासलं, पुन्हा करावे लागणार, असं मी सांगायचं. मी सांगितलं, आणि चांगलं रंगवून सांगितलं. पहिल्यांदा अक्काला सांगितलं. अक्का आमच्या भिंतीला भिंत लावून राहायची. गल्लीत तिचा शब्द चाले. वडील गेले तेव्हा तेरा दिवस आमची चूल तिनेच सांभाळली होती. लहानपणी तिच्या उजव्या हाताचं एक बोट मुसळाखाली सापडून वाकडं झालं होतं, त्यामुळे तिने थापलेल्या प्रत्येक बिबड्याच्या कडेला एक खोल रेघ उमटायची. बायका त्यावरून तिला चिडवायच्या आणि ती हसायची. उंदरांचं ऐकून ती चुकचुकली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी धाब्यावर आली.

महिनाभराने पुन्हा माणसं हवी झाली. या वेळी मावशीकडे लग्न निघालं आणि तिच्या घरी करणारं कुणी नाही, असं सांगायचं ठरलं. मला मावशीच नव्हती, म्हणून लांबच्या नात्यातली सांगितली. बायका याही वेळी आल्या. घाटा खाताना मावशीच्या मुलीची चौकशी करत होत्या, नवरा काय करतो, देणंघेणं किती ठरलं. मी उत्तरं देत होते. त्या दिवसांत आमच्या घरात चहाची पुडी आली होती, अंगाला लावायचा वासाचा साबण आला होता. एवढ्या सुखापुढे मला खोट्याचं काही वाटेना. आज वाटतं, पण आज वाटून उपयोग काय?

अक्का डोळ्यांना औषध घालायला पाचोऱ्याला गेली होती. भूक लागली म्हणून नवऱ्याबरोबर त्याच खानावळीत शिरली. ताटात डाळ, भाकरी आणि वर एक बिबडा. कडेला खोल रेघ.

संध्याकाळी ती आमच्या ओट्यावर आली. पदराची गाठ सोडून तिने बिबड्याचा तुकडा मायपुढे ठेवला. म्हणाली, "वयनी, मना हातना बिबडा माले पाचोरामा इकत भेटना."

माय ओट्यावरच्या चुलीपासून उठली. मग खाली बघत म्हणाली, "पोरना लगीनसाठे करं मी, अक्का. सांगाले जीभ उचलनी नही."

अक्का भांडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त माझ्याकडे वळली आणि मावशीच्या मुलीचं लग्न कसं झालं ते विचारलं. मी तोंड फिरवलं. ती गेली. तुकडा ओट्यावरच राहिला. दुसऱ्या दिवसापासून विहिरीवर आम्ही गेलो की बोलणं थांबायचं. ज्यांच्या पाळ्या राहिल्या होत्या त्यांनी आम्हाला बोलावलं नाही. माय न बोलावता एकीच्या धाब्यावर चढली, तर तिला सांगितलं की आज माणसं पुरेशी आहेत.

आणि माझं लग्न पंधरा दिवसांवर होतं. मांडवाचं सामान आलं होतं, नवऱ्या मुलाचं धोतर आलं होतं, सगळं मायच्या कमाईचं. पण आमच्याकडे लग्नघरचे बिबडे थापल्याशिवाय लग्न सुरू झालं असं कुणी मानत नाही, आणि त्याला पहिला हात लागतो तो पाच सवाष्णींचा. विधवेने त्या दिवशी खालीच थांबायचं. लग्नासाठी माय बिबडे करत आली आणि त्याच बिबड्यांपायी लग्नाला हात लावायला सवाष्ण उरली नाही. पाच बायका आल्या नाहीत, तर आम्हाला मामाच्या दारात जाऊन उभं राहावं लागणार होतं.

माय पाचही घरी गेली. काय बोलली ते तिने मला सांगितलं नाही. आल्यावर एवढंच म्हणाली की कुणी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तरी तिने पहाटे घाटा शिजवला. धाब्यावर खाटा टाकल्या, फडकी भिजवून अंथरली, भांडं वर चढवून ती खाली उतरली. मी वर बसले. दिवस उगवला. घाट्यावरची वाफ कमी होत गेली. शेजारच्या धाब्यांवर बायका वाळवण उलटत होत्या आणि आमच्याकडे बघत नव्हत्या. मला हुंदका आवरेना. मी माझ्या हाताने एक बिबडा थापला. नवरीने आपल्याच लग्नाचा बिबडा थापायचा नसतो, हे कळत असूनही थापला.

तेवढ्यात शिडी हलली. अक्का वर आली, मागून चौघी. मला इतका आनंद झाला की मी तिच्या पायांशी वाकले. तिने पाय मागे घेतला. धाब्याच्या कडेशी जाऊन तिने खाली अंगणात उभ्या असलेल्या मायला विचारलं, "घाटा गार व्हस. मजुरी काय देशी ते पहिले सांग."

मायला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा तिने अंगणातूनच हात जोडले, तुम्ही म्हणाल ते देईन म्हणाली. शेतात निंदणीला जी मजुरी चालते तीच, असं अक्काने सांगितलं आणि ती कामाला बसली. पाची जणींनी झपाझप थापलं, एक बिबडा फाटू दिला नाही. एकही गाणं झालं नाही. एरवी नवरीला चिडवून चिडवून रडवतात, त्या दिवशी माझं नाव कुणी घेतलं नाही. मायने ताटल्यांत घाटा आणि तेल घालून वर पाठवलं. माश्या बसेपर्यंत ताटल्या तशाच होत्या.

काम संपल्यावर त्या अंगणात उभ्या राहिल्या, जिनाच्या दारात मजूर उभे राहतात तशा. माय एकेकीच्या हातावर पैसे ठेवत गेली. अक्का शेवटी होती. ती नको म्हणेल असं मला वाटत होतं. मायलाही वाटत असावं, कारण पैसे पुढे करताना तिने मूठ पुरती उघडली नव्हती. अक्का हात पसरून थांबली. मायने मूठ उघडली. अक्काने पैसे पदराला बांधले आणि ती भिंतीपलीकडे आपल्या घरी गेली.

माझं लग्न आमच्याच दारातून झालं, वऱ्हाड पोटभर जेवलं. माय त्यानंतर बरीच वर्षं बिबडे विकत राहिली. गल्लीतल्या बायकाच कामाला यायच्या, अक्कासुद्धा. पहाटे यायच्या, मजुरी घेऊन जायच्या. मी धुळ्याहून माहेरी आले की मायला विचारायचे, तुझं कसं चाललंय. ती म्हणायची, धंदा बरा शे. मग जेवायला बसायचो, आम्ही दोघीच.