ज्वारीचा उणे भाव

मन्मथप्पा सर वर्गात आले की हजेरीच्या आधी बाजारभाव विचारायचे. "आज ज्वारी काय भावानं हाय रे?" एखादा पोरगा सांगायचा, दुसरा त्याला खोटं पाडायचा, आणि त्या भांडणातून जो भाव ठरेल तो फळ्यावर जायचा. पुस्तकातल्या उदाहरणांमधल्या वह्या-पेन्सिलींचे भाव त्यांना मान्यच नव्हते. "ह्या भावानं वही कुठं भेटती ते दाखवा, म्या दोन डझन घेतो," म्हणत ते पुस्तकातले आकडे खोडून उदगीरचे घालायचे. घरचं किराणा दुकान सोडून हा माणूस मास्तर झाला होता, पण दुकान काही त्याच्यातून निघालं नव्हतं.

मी नांदेडचा, उदगीरजवळच्या त्या शाळेत विज्ञान शिकवायला नवीन आलेलो. मला ते 'नांदेडकर' म्हणत. त्यांच्याइतका धास्तावलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता. शिपायानं शाळेला कुलूप लावलं तरी हे ओढून बघणार, वळणापर्यंत जाऊन परत येणार आणि पुन्हा ओढणार. गणितातही तेच. एकसामयिक समीकरणं सोडवून पोरं क्ष आणि य काढायची, हुश्श करायची, की मागून सरांचा आवाज यायचा, "ताळा घेतला का? किंमती समीकरनात घालून बघितल्याबिगर त्याला उत्तर म्हनू नका." आम्ही शिक्षक त्यांची यथेच्छ चेष्टा करायचो. तेही हसायचे, आणि हसता हसता खिशात चष्मा आहे का ते चाचपून घ्यायचे.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि त्यातच पाऊस दगा देऊन गेला होता. शाळेची विहीर आटली, वर्गातले बाक रिकामे होऊ लागले. नववीतल्या सत्यभामाच्या बापानं तर शाळेत येऊन स्पष्टच सांगितलं, "पोरगी पास झाली तर धाव्वीला बसंल. नापास झाली तर खडीच्या कामावर. घरात एक हात रिकामा ठिवायची सोय न्हाई." सत्यभामा भाषेत चांगली होती, बीजगणितात मात्र काठावर. मधल्या सुट्टीत सर तिला व्हरांड्यात बसवून उदाहरणं घालायचे. ती सोडवायची आणि प्रत्येक पायरीला मान वर करून त्यांच्या तोंडाकडे बघायची.

त्या वर्षी नववीचा वार्षिक पेपर पहिल्यांदाच नव्या जिल्ह्यानं काढायचा होता, आणि बीजगणिताचा पेपर मन्मथप्पा सरांकडे आला. त्यांची झोपच उडाली. शाब्दिक उदाहरण त्यांनी अर्थातच बाजारातून आणलं. एकाने चार किलो ज्वारी आणि कडब्याच्या चार पेंढ्या बारा रुपयांना घेतल्या. दुसऱ्याने त्याच भावाने तीन किलो ज्वारी आणि पाच पेंढ्या अकरा रुपयांना घेतल्या. ज्वारी दोन रुपये किलो, पेंढी एक रुपया, सगळं बरोबर होतं. पण राहवेना म्हणून पेपर पाठवायच्या दिवशी ते पुन्हा बाजारात गेले. पहिली ओळ आधीच्या बाजारी तपासून झाली होती, म्हणून त्यांनी फक्त दुसरी तपासली. चाऱ्याची टंचाई वाढली होती, पेंढी दोन रुपयांवर गेली होती. त्यांनी अकराचे सोळा केले आणि समाधानानं पाकीट बंद केलं.

परीक्षेला माझी देखरेख होती. तासाभरानं पोरं चुळबुळू लागली, खोडाखोड सुरू झाली. एकानं हळूच विचारलं, "सर, ज्वारीचा भाव उने पन्नास पैसे यायलाय. असं ऱ्हातंय का?" मी जाऊन सरांना सांगितलं. त्यांनी टेबलावरच खडूनं उदाहरण सोडवलं. ज्वारी उणे आठ आणे, कडबा साडेतीन रुपये. म्हणजे किलोभर ज्वारी घेतली की दुकानदारच वर आठ आणे देणार. त्यांनी ताळा घेतला. ताळा जुळला. मग ते खुर्चीत बसले.

"दोन्ही ओळी खऱ्या हायत, नांदेडकर," ते म्हणाले. "पन एका दिवसाच्या न्हाईत."

संध्याकाळच्या एसटीनं आम्ही दोघं लातूरला गेलो. वाटेत ते एकच विचारत राहिले, "सत्यभामानं काय केलं आसंल?" पेपरचं काम बघणारे साहेब वैतागले. नव्या जिल्ह्याचा पहिलाच पेपर, बोभाटा नको, प्रश्न गुपचूप रद्द करून टाकू, असं त्यांचं म्हणणं. कुलपाला भिणारा आमचा माणूस त्यांच्यासमोर हात जोडून उभा राहिला, पण हटला नाही. "रद्द केलं तर ज्यानं रीत बरोबर केली त्याच्या पदरात काय? चूक माझी हाय आसं सगळ्या शाळांना कळवा. आन् तेवढं उदाहरन सगळ्या जिल्ह्याचं म्या तपासतो." साहेबांनी कळवलं, आणि पुन्हा पेपर काढायला बोलावणार नाही असंही तोंडावर सांगितलं.

सुट्टीभर ते लातुरात गठ्ठे तपासत बसले. मीही मदतीला जायचो. उणे उत्तर लिहिणाऱ्याला पूर्ण गुण, हे सोपं होतं. पण शेकडो पोरांनी रीत अचूक करून, उणे चिन्ह बघून, सगळं खोडलं होतं. सर ते कागद खिडकीच्या उजेडाला धरून खोडताना मारलेल्या रेघांखालची एकेक पायरी वाचायचे आणि गुण द्यायचे. एक कागद मात्र त्यांनी फार वेळ धरून ठेवला. नंबर होता, नाव नव्हतं, पण अक्षर आम्ही दोघंही ओळखत होतो. पायऱ्या बिनचूक, ताळासुद्धा घेतलेला, आणि त्यावर कागद फाटेस्तोवर मारलेली काट.

"जलमभर म्या ह्यान्ला भ्यायलाच शिकवलं," ते म्हणाले, आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. मी पुढचा गठ्ठा सोडायला घेतला.

निकालाच्या दिवशी सत्यभामा गुणपत्रक घेऊन आम्हा शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभी राहिली. पास झाली होती, तरी चेहऱ्यावर भीतीच. कुणीतरी चुकून गुण दिले असतील आणि परत मागून घेतील, असं तिला वाटत होतं.

"सर, ते गनित तर म्या खोडलं होतं."

मन्मथप्पा सर उठून दारापर्यंत गेले. "खोडलं तू, बाई," ते म्हणाले. "चुकलो होतो म्या."