शैलाआक्काची परी

शैलाआक्का आज सकाळी गेली.

एका परीसाठी भांडलेली आमच्या घरातली एकमेव बाई.

माझी चुलत बहीण. वडगावात मागांच्या खडखडाटात वाढली, बोरगावच्या हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवायची.

आणि फँटसी कादंबऱ्या वाचायची. बसमध्ये, स्टाफरूममध्ये, फोडणी करपेपर्यंत.

मी चिडवायचो, "आक्का, या वयात पऱ्या?"

"आरं, आताच्या पऱ्या वाच तरी! नुसती छडी फिरवून वर देत न्हाईत. सौदा करत्यात, राज्य चालवत्यात, चुकत्यात, सूड घेत्यात. लई भारी बायका हाईत त्या."

तक्रार एकच. "सगळ्या गोऱ्या आन् काडीसारख्या. का रं?"

मग तिनं स्वतःच कादंबरी लिहिली.

तिची परी सावळी, रुंद खांद्यांची. जन्मतः पंख नसलेली. आपले पंख आपणच मागावर विणणारी.

वाचल्यावर मी तिला परत कधी चिडवलं नाही.

पुस्तक छापायला गेलं आणि आक्काला कॅन्सर निघाला.

केमो चालू असताना मोबाईलवर कव्हर आलं.

गोरी, सडपातळ, सोनेरी केसांची परी.

सलाईन लावलेल्या हातानंच तिनं पुण्याला एडिटरना फोन लावला.

"मॅडम, असंच कव्हर खपतं हो. शिवाय आता बदलायचं तर उशीर होईल. तुमची तब्येत..."

"होऊ दे उशीर. मी नसले तरी चालेल. पण ही मुलगी माझ्या पुस्तकावर नको."

फोन ठेवला आणि माझा हात धरला.

"घाबरलो रं मी. खरंच बघायला मिळालं न्हाय तर?"

मिळालं.

दिवाळीच्या आधी पुस्तक आलं. कव्हरवर तिचीच परी.

डोक्याला स्कार्फ बांधून आक्का शाळेत गेली. मीच गाडीतून नेलं. नववीच्या मुलींना तिनं शेवटचं प्रकरण वाचून दाखवलं. आवाज बसला होता, तरी थांबली नाही.

संपलं आणि मुली भांडायलाच उठल्या.

"बाई, तिनं त्या राजाला माफ का केलं?"

"मी असतो तर सोडलो नसतो!"

"न्हाय गं, बरोबर केलं तिनं!"

घंटा झाली तरी कुणी ऐकेना.

परत येताना आक्का गाडीत एकटीच हसत होती.

"काय झालं गं?"

"रंगाबद्दल एक पोरगी बोलली न्हाय रं. एक बी न्हाय."

एवढी खूश मी तिला कधीच पाहिली नव्हती.

आक्का, भरल्या मनानं तुला शेवटचा नमस्कार.