पाव फेरा जास्त

“अजून पाव फेरा घ्यावा का, भाऊ?”

माझ्याकडे नेहमी येणाऱ्या एका गृहस्थांचं हे पालुपद. माझ्या दापोडीच्या वर्कशॉपमध्ये आले की पाच मिनिटांत स्टुलाचा नट, नळाची तोटी, लोखंड पकडायच्या व्हाइसची दांडी, जे हाताला लागेल ते आवळून मोकळे. एकदा माझ्या पाण्याच्या बाटलीचं झाकण असं बसवलं की ते मला पान्यानं काढावं लागलं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. घरातून निघताना कुलूप चार वेळा ओढून बघतात आणि कोपऱ्यावरून पाचव्यांदा परत येतात.

राहायला काळेवाडीत, मूळचे लातूरकडचे, नोकरी चाकणला गाड्यांच्या कंपनीत. दिवसभर वरून लोंबणारी हवेची गन धरून दरवाज्यांचे बोल्ट आवळायचे. माप पुरं झालं की गन आपोआप टक करून थांबते.

“कंपनीत टक वाजतंय. घरी वाजतच न्हाई. मग झालं म्हणून कळावं कसं?” असं ते मला अगदी गंभीरपणे विचारायचे. मी थट्टेवारी न्यायचो.

त्यांची मुलगी नेमबाजी करायची. छऱ्यांची रायफल, तिच्यावर पंधरा-वीस बारीक स्क्रू. मॅच जवळ आली की जीव खालीवर व्हायचा तो बापाचा. रायफल पेटीतून काढायची आणि एकेक स्क्रू आवळत बसायचं. मग यायचे माझ्याकडे. कधी स्क्रूचं डोकं आतून गोल झालेलं, किल्ली नुसतीच घसरायची. मी त्यावर बारीक खाच पाडायचो आणि पेचकसानं तो काढून नवा घालून द्यायचो. “मी काय केलं न्हाई, जरा हात लावला,” हे ठरलेलं. मी हसायचो.

राज्याच्या संघाची निवड चाचणी होती, तिच्या आदल्या दुपारी मात्र हसू आलं नाही. बापलेक दोघंही आले. ज्यातून डोळा लावून नेम धरतात त्या मागच्या साइटचा स्क्रू भोकात नुसताच गरागरा फिरत होता. आतले आटे पार गेलेले. साइट हलली की नेम गेला, आणि दुसरी रायफल नव्हती. मुलगी रडवेली झाली होती. म्हणून मीच बोललो.

“अहो, हा काय गाडीचा दरवाजा आहे का? पोरीचं वर्ष घालवाल. यापुढे रायफलीला हात लावाल तर याद राखा.”

तिच्यासमोर बोललो. माझी जीभ अशीच आहे.

ते स्टुलावर बसले, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. गुडघे मात्र हलतच होते.

मी भोक थोडं मोठं केलं, नवे आटे पाडले आणि त्यात पोलादी तारेचं वेटोळं फिरवून बसवलं. त्यात मूळच्या मापाचा स्क्रू पुन्हा घट्ट धरतो. शेवटचं आवळणं मुलीलाच करायला लावलं. तिनं दोन बोटांत किल्ली धरून फिरवली आणि थांबली.

“झालं?” त्यांनी विचारलं.

“झालं, पप्पा.”

“कळलं कसं गं तुला?”

“हाताला लागतं ना.”

त्यांनी मांडीखालचा एक हात काढला, त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातला. मला तेव्हा त्यांचा रागच आला होता. आज लिहिताना ते टोचतं.

साइट हलली नाही. मुलगी संघात आली. ते पेढे द्यायला आले, उभ्या उभ्याच. “रायफलीला हात लावत न्हाई बगा आता मी,” एवढं सांगून गेले. पुढे कंपनीनं त्यांची दरवाजे बसवायची लाइन गुजरातला हलवली आणि त्यांना तिकडे जावं लागलं. मायलेकी इथंच राहिल्या.

परवा मुलगी एकटीच आली. दुसऱ्या दिवशी मोठ्या स्पर्धेसाठी निघायची होती.

“काका, सगळे स्क्रू एकदा आवळून द्या ना.”

मी तपासले. सगळे ठीक होते. “काही गरज नाही गं,” म्हटलं.

“माहितीये. कधीच नसायची. पण मॅचच्या आधी पप्पा आवळत बसले की मला धीर यायचा. तुम्ही रागावल्यापासून ते हातच लावत नाहीत.”

मी तिथूनच त्यांना फोन लावला. म्हटलं, चुकलं माझं, एक दिवसाची रजा काढा आणि या, हात लावा.

“रजा न्हाई ओ मिळायची, भाऊ,” ते म्हणाले. “तुमीच आवळा. माझ्याकडून.”

मी किल्ली लावली. मुलगी शेजारी उभी राहून बघत होती. आयुष्य आटे पाडण्यात गेलं माझं, पण कुठं थांबायचं ते पहिल्यांदाच कळेना.